एक फावडं पलीकडे

दार सरकवलं तर समोर रस्ता होता. काळा, ओला, डांबर दिसेपर्यंत खरवडलेला. आमच्याकडे जानेवारीत दार उघडल्यावर रस्ता दिसत नाही, बर्फ दिसतो. आणि पहाटे नगरपालिकेचं मोठं मशीन गल्लीतून गेलेलं असलं तर प्रत्येकाच्या दारापुढे त्याने बाजूला सारलेल्या ढेकळांची भिंत दिसते, कमरेइतकी, दगडासारखी. ती फोडायची, भरायची, ओढत न्यायची, मग दिवस सुरू. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हिवाळ्यातला माझा दिवस असाच सुरू झाला आहे. आणि त्या सकाळी मी रबरी बूट चढवून, कान बांधून, हातमोजे दातांनी ओढून घट्ट करून उभी, आणि करायला काही नाही. रात्रभर पडलेला बर्फ सगळ्यांच्या दारात होता, माझ्या दारात नव्हता. पानावर बसावं आणि पान कुणीतरी आधीच खाऊन गेलेलं असावं, तसं ते उष्टं दार बघत मी उभी राहिले. तोंडातून वाफ निघत होती, तेवढंच काय ते माझं काम चाललं होतं.

आमच्या गल्लीत रीत अशी आहे की आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढायचा, हद्दीच्या खांबापर्यंत, आणि खांबापलीकडे एक फावडं. कमी नाही, जास्त नाही. शेजारी अलीकडे एक फावडं येतो, आपण पलीकडे एक फावडं जातो, म्हणजे मध्ये बर्फाचा दात उभा राहत नाही आणि कोणी कोणाचं मिंधंही होत नाही. कमी काढणारा कंजूष. जास्त काढणारा त्याहून वाईट, कारण त्याने समोरच्याला त्याच्याच घरात खाली बसवलं. सबंध दार दुसऱ्याने काढून द्यायचं ते दोनच घरांचं: जिथे माणूस अंथरुणाला खिळलंय आणि जिथे माणूस गेलंय. माझा नवरा गेला तेव्हा गल्लीने माझं दार काढलं. मी आत उदबत्तीपाशी बसले होते आणि बाहेर फावडी वाजत होती, दुसऱ्यांची फावडी, प्रत्येकाचा हात वेगळा, कुणाचा खरखर ओढणारा, कुणाचा थांबून थांबून. रडू त्याच्यासाठी आलं की त्या आवाजासाठी, हे मला आजही सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यांवर कोट घालून मी बाहेर पडले. लोक म्हणाले, वहिनी, राहू द्या, आम्ही आहोत. मी म्हटलं, मेलाय तो माझा नवरा, माझे हात नाही मेले. गल्लीत हे वाक्य अजून सांगतात, मी जरा वाईट बाई आहे असं सांगायचं असलं की.

दोन्ही खांबांपाशी जाऊन मी पाहिलं. दोन्हीकडे एकेक फावडं पलीकडे काढलेलं होतं, कडा सुरीने टोफू कापावा तशा सरळ. म्हणजे करणाऱ्याला रीत माहीत होती, आणि रीत माहीत असून त्याने मला खिळलेल्यांत, नाहीतर मेलेल्यांत धरलं होतं. वरच्या बाजूच्या घरातली बाई माझ्याहून थकलेली, तिला स्वतःचंच उरकत नाही. राहिला खालच्या बाजूचा मुराकोशी. हा रेल्वेतून निवृत्त झालेला गृहस्थ, आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या वेळेवर सोडल्या, आता स्वतःला सोडायला गाडी नाही म्हणून मागच्या शरदात त्याने बर्फ उडवायचं निळं मशीन आणलं. पहिला बर्फ पडायच्या आधीच ते पुसून पुसून चकचकीत केलं होतं, वर कापड घालून ठेवलं होतं, आणि कापड असं की त्यातून मशीनचा आकार दिसावा. त्याच्या धुराड्यासारख्या मानेतून बर्फ उडताना बघायला गल्लीतली पोरं उभी राहायची. त्याच मशीनने त्याने माझ्या दारावरून हात फिरवला असणार, जाता जाता, म्हातारी झोपलीय तोवर.

आत आले तर किओमी, माझी सून, गॅसपाशी पाठमोरी उभी होती. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, त्याआधी घरचं उरकते. तिच्या अंगाला दुखऱ्या कंबरेवर चिकटवायच्या पट्टीचा कापरासारखा वास येत होता. तिने विचारलं, आज लवकर आत आलात? मी म्हटलं, थोडाच पडला होता. ती हो का म्हणाली आणि कांद्याची पात चिरत राहिली. मी खोटं बोलले ते तिला कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं.

दिवसभर ते मशीन माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मुलगा शिगेहारू फोनवर दर हिवाळ्यात म्हणतो, आई, एक छोटं मशीन घेऊन टाकूया. तो दक्षिणेला किनाऱ्यावर आहे, समुद्राने जी गावं नेली ती पुन्हा बांधायच्या कामावर, सणावारी घरी येतो. मी त्याला दर हिवाळ्यात म्हणते, तुझ्या आजीने मला मशीन नव्हतं दिलं, गाडा दिला होता. गाडा म्हणजे आमचं बर्फ न्यायचं अवजार. त्याला चाकं नसतात. पुढे मोठ्या घमेल्यासारखं रुंद तोंड, मागे वाकवलेल्या नळीची दांडी. पोटाने रेटायचा, भरला की घसरवत न्यायचा. दुकानात तो आयांचा गाडा म्हणून विकतात आणि चिठ्ठीवर एक हसरी बाई काढलेली असते. हसत हसत बर्फ काढणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. पण नाव खोटं नाही. आमच्याकडची पुरुषमाणसं हिवाळा आला की मजुरीला बाहेर जायची, पूल बांधायला, बोगदे खणायला, आणि चेरी फुलायच्या सुमाराला दारू पीत परत यायची; बर्फ बायकांचा. घरची सत्ता सुनेच्या हातात द्यायची तर आमच्याकडे भाताचा पळा देतात. सासूने मला पळा दिला नाही, मरेपर्यंत भात तीच वाढत होती, पण गाडा पहिल्याच थंडीत माझ्या अंगावर टाकला. मी उलटं केलं. किओमी आली त्याच वर्षी पळा तिला देऊन टाकला, कारण मला मासळीबाजारात गाळा होता, भात कोणी वाढला याचं मला काही नव्हतं. लोकांनी माझं कौतुक केलं, काय मनाची मोठी सासू. गाडा मात्र मी दिला नाही. भात घरात राहतो. दार सगळ्या जगाला दिसतं.

म्हणून मी बसने शहराच्या कडेला गेले, जिथे शेतीची अवजारं आणि बर्फाची मशीनं एकाच छपराखाली विकतात. बसमध्ये काचांवर वाफ होती, बाहेर काही दिसत नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं. मशीन घ्यायचं ठरवून मी निघाले नव्हते. मी मुराकोशीहून मोठं मशीन बघायला निघाले होते, या दोन गोष्टींत फरक आहे. तो फरक बसमधून उतरेपर्यंत पुसला गेला. आत लाल, नारिंगी, निळी मशीनं ओळीने तोंड वासून उभी होती, तोंडात मळसूत्रासारखी दात्यांची पट्टी. बाजारात मोठाल्या माशांची तोंडं मी आयुष्यभर उघडी पाहिली आहेत, तोंडाला मी भीत नाही. विकणारा चाळिशीचा होता, गळ्यात टॉवेल. चालवणार कोण आजी, त्याने विचारलं. मी म्हटलं मी. त्याने माझी उंची पाहिली आणि विचारलं, घरात अजून कोण? सून आहे. मग ठीक, तो म्हणाला. ते मग ठीक मला आवडलं नाही, पण माणूस विकायला बसलेला असला की त्याला एक माफ करावं लागतं.

मग त्याने विचारलं, बर्फ फेकणार कुठे? मी म्हटलं, फेकतं ते मशीन, त्यालाच विचारा. तो हसला, पण प्रश्न सोडला नाही. समोर काय आहे? समोर घर आहे. डावीकडे? खांब आणि घर. उजवीकडे? मुराकोशी. मागे? मागे आम्हीच राहतो. गल्लीतला बर्फ आम्ही फेकत नाही, नेतो. रस्त्याच्या कडेने झाकणांखालून नाली वाहते, पाणी सोडलं की झाकण उचलायचं, गाडा रिकामा करायचा, बर्फ समुद्राला जातो. प्रत्येक गल्लीची पाण्याची पाळी ठरलेली असते. नेण्याला वाट पुरते, फेकण्याला जागा लागते, आणि जागा म्हणजे नेहमी दुसऱ्याची. हे मला दुकानात उभं राहून पहिल्यांदा कळलं असं नाही, पण पहिल्यांदा ते माझ्या विरुद्ध गेलं. तो म्हणाला, मान खाली वळवून नालीच्या तोंडावरच सोडता येतं, सवयीने जमतं. पुष्कळ लोक करतात. मी विचारलं नाही की मुराकोशी करतो का. मी विचारलं, सगळ्यात मोठं कुठलं.

दांडीखाली एक पट्टी होती. ती मुठीत दाबून धरली तरच मशीन चालतं. सोडली की जागच्या जागी थांबतं. तो सांगत होता की काही जण हात दुखतो म्हणून पट्टी दोरीने बांधून टाकतात, तसं कधी करू नका आजी, मशीन मागे घेताना माणूस पाय घसरून पडतं आणि ते थांबत नाही, त्याला भिंतीशी दाबतं. दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी येते. मी पट्टी दाबून धरली होती. थंडगार, जाड, तेलाचा वास असलेली. शिंपले उघडताना हाताची जी शीर फुगते तीच फुगली. गाळ्यावर दिवसभर शिंपले उघडून संध्याकाळी मी शिगेहारूच्या कानशिलात देऊ शकत होते, इतकी ताकद उरायची. तो अजून सांगत होता, तेल कधी बदलायचं, बर्फ अडकला तर हात कधीच आत घालायचा नाही, आणि त्याचं बोलणं संपायच्या आधी पट्टी माझ्या मुठीतून सुटली. मशीन चालू नव्हतंच, त्यामुळे काही झालं नाही. त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. यंदा बर्फ फार, तो म्हणाला, हे शेवटचंच उरलंय, उद्या दुकान उघडेपर्यंत तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, फोन करा. माझं नाव सांगितलं: कासाई, कासाई तोमे. तोमे म्हणजे आता पुरे. मुलींवर मुली झाल्या की आमच्याकडे शेवटचीला हे नाव देऊन वरच्याला कळवत असत. लिहून घेताना त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही, आताच्या लोकांना नावांचे अर्थ लागत नाहीत.

परतताना बाजारात उतरले. माझ्या जुन्या गाळ्यावर आता दुसरी बाई बसते. तिच्याकडून सुकवलेला कॉड मासा घेतला, चांगला रुंद, आणि कापडात बांधला. उपकार घरात एक रात्र जरी राहिला तरी त्याला पाय फुटतात. मुराकोशीच्या दारात हाक मारली. तो कापसाचा कोट घालून बाहेर आला, हात काळे. मी मासा पुढे केला आणि म्हटलं की सकाळी तुम्ही जे केलंत त्याची ही परतफेड, पण उद्यापासून तसदी घेऊ नका, आम्ही मशीन घेतोय, तुमच्याहून मोठं. हे वाक्य मी बसमध्ये घोकत आले होते, आणि ते जसंच्या तसं बाहेर पडलं. त्याने माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वहिनी, मी कुठे काय केलं? माझं मशीन परवापासून आडवं पडलंय.”

मागे कोठीचं दार उघडं होतं. आत निळं मशीन कुशीवर पडलं होतं, पोट उघडलेलं, शेजारी रॉकेलचा स्टोव्ह पेटवून ठेवलेला, जसं माणसाला शेकावं. जमिनीवर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर होता आणि त्यात एक झाडू अडकून उभा होता. किओमीने सांगितलं नाही का, त्याने विचारलं, आणि आतून त्याच्या बायकोचा अहो असा आवाज आला, नवऱ्याचं तोंड बंद करायला बायका जो वापरतात तो. पण रेल्वेतला माणूस सुटलेली गाडी मागे घेत नाही. परवा सकाळी नाली तुंबली, त्याने सांगितलं. कोरड्या नालीत कुणी बर्फ भरला होता. संध्याकाळी वरून पाणी सोडलं तेव्हा ते पुढे जाईना, आमच्या झाकणातून वर आलं, थेट कोठीत, आणि पहाटेपर्यंत गोठलं. काल पहाटे किओमी पहार घेऊन आली होती. तिनेच नाली फोडून मोकळी केली. नको म्हटलं तरी ऐकेना. इथे, या पायरीवर, तिने कपाळ टेकलं. म्हणाली, आईंना बोलू नका.

“यंदा पाळी बदललीये, वहिनी. आपल्याला आता संध्याकाळी पाणी. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

मी म्हटलं, माहीत आहे. मासा तिथेच ठेवला. ज्यासाठी आणला होता त्यासाठी आता तो नव्हता, पण मासा तोच, आणि बांधलेलं परत नेलं तर मी अजून काहीतरी घेऊन गेल्यासारखं झालं असतं.

घरी न जाता मी आमच्या दारापुढच्या झाकणाशी गेले. परवाची सकाळ मला स्पष्ट आठवत होती. हीच तर त्यातली वाईट गोष्ट. विसरले असते तर विसरले म्हणता आलं असतं. त्या सकाळी झाकणाची कडी आकड्याने ओढली होती, झाकण बाजूला केलं, वाकले, आणि खालून पाणी ऐकू आलं. दरवर्षी ऐकू येतं तसं, घाईचं, पोकळ, लांब कुठेतरी लोक जेवायला बसलेत आणि एकदम बोलताहेत असं. मग मी गाडा ओतला. एक, आणखी एक, असे ओतत राहिले. पाणी ऐकल्याशिवाय गल्लीतली कुठलीही बाई गाडा ओतत नाही, सासूने मला पहिल्या दिवशी मान धरून खाली वाकवून ते ऐकवलं होतं. तिच्या हाताला सुकटीचा वास होता, आणि ती म्हणाली होती, डोळ्यांवर जाऊ नकोस, खाली अंधार असतो, कानावर जा. मी कानावरच गेले होते. आताही वाकले. दुपार कलली होती, पाण्याची वेळ झाली नव्हती. आकड्याने झाकण सरकवलं, गुडघे टेकले, कान खाली केला. पाणी होतं. ते वाहत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी हसले असेन. म्हणजे मुराकोशी खोटं बोलतोय, म्हणजे किओमीही. दोघांनी मिळून मला खाली बसवलंय. मग कडेचा मूठभर बर्फ घेतला, दाबून गोळा केला आणि खाली सोडला. अंधारात थोड्या वेळाने तो दिसायला लागला. पांढरा, गोल, कोरड्या तळाशी बसलेला. पाण्याचा आवाज येतच होता, आणि गोळा जागचा हलत नव्हता. मी बराच वेळ आळीपाळीने ऐकलं आणि पाहिलं. दोन्हींतलं एकच खरं असू शकतं आणि ते कानातलं नव्हतं.

झाकण नीट लावलं. उघडं झाकण म्हणजे खून, एवढं अजून कळत होतं. मग आत येऊन, खाली शेगडी आणि वर दुलई असलेल्या मेजात पाय घालून बसले, दिवा न लावता. माझ्या कानात पाणी वाहत असेल तर ते कधीपासून वाहतंय, या विचाराने मी मागे मागे गेले. गेल्या हिवाळ्यात? बाजारात शेवटी शेवटी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा भाव विचारतं म्हणून मी चिडायचे, तेव्हा? ते पुन्हा विचारत होतं की मी पुन्हा सांगत होते? दार उघडल्यावर दारं बोलतात, बर्फ पडताना बर्फ बोलतो, एकट्या बाईच्या कानात काहीतरी असतंच. मी कधी त्याचा हिशेब मागितला नव्हता. मशीन घेतलं तर त्याचा आवाज इतका मोठा की नालीत पाणी आहे का नाही हे कुणालाच ऐकू येणार नाही, माझ्यासारख्या बाईला ते सोयीचं. आणि मान वळवून, पट्टी दाबून, मी बर्फ उभाच्या उभा कोरड्या नालीत ओतला असता, गाड्याने होतो त्याच्या कितीतरी पट, अख्खी गल्ली तुंबेल इतका. विकणाऱ्याने सगळं विचारलं होतं, हे एक विचारलं नव्हतं.

किओमी आली तेव्हा तिने आधी दिवा लावला. मग मला पाहिलं आणि तिला कळलं, कारण मुराकोशीची बायको वाटेत भेटली असणार. आमच्या गल्लीत पाणी तुंबतं, बातमी नाही. तिने कोट काढला, खाली बसली, मेजातली दुलई आपल्या गुडघ्यांवर ओढली. हाताच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. मी म्हटलं, तू माझ्यासाठी दुसऱ्याच्या पायरीवर डोकं टेकलंस. ती म्हणाली, घरासाठी टेकलं. मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? ती काही बोलली नाही, आणि या घरात तिचं न बोलणं म्हणजे उत्तर नसणं असं मी इतकी वर्षं धरत आले होते. मग मी मशीनचं काढलं. बघून आलेय, बाजूला ठेवायला सांगितलंय, उद्या फोन करायचा आहे. दाम आहेत माझ्यापाशी, शिगेहारूला विचारायचं कारण नाही. तू चालव, तुझी कंबर वाचेल, त्या पट्ट्यांच्या वासाने घर इस्पितळ झालंय. हे मी चांगलं बोलत होते. माझ्या परीने ते देणंच होतं.

“मला नको मशीन,” किओमी म्हणाली.

का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, आवाज होतो. मी म्हटलं, एवढंच ना, शेजारी उठतील तर उठतील. तिने मान हलवली. चहाचा पेला हातात फिरवत राहिली. या बाईला मी तीस वर्षांवर ओळखते, तिने कधी माझ्यासमोर पेला फिरवला नव्हता.

“सकाळी बाहेर मी एकटी असते, आई. कुठून सुरू करायचं, कुठे न्यायचं, कधी थांबायचं, माझं मी ठरवते. मागून कोणी सांगत नाही.”

आणि मग, पेला खाली ठेवून:

“काल नाली फोडली ती आणि आजची, दोनच सकाळी झाल्या. मला आवडलं ते.”

मला उत्तर सुचलं होतं. मला नेहमी सुचतं. कडा सरळ काढल्यास, त्या कोणाकडून शिकलीस, हे ओठावर आलं होतं, आणि ते खरंही होतं. खिडकीतून पाहून पाहून शिकली असणार, कारण मी तिला कधी दांडीला हात लावू दिला नाही. एवढ्या वर्षांत ती गॅसपाशी पाठमोरी उभी असायची तेव्हा खिडकी तिच्या समोर होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी पाठच पाहत होते. ती उठून भात लावायला गेली.

सकाळी जाग आली ती आवाजाने. अंधार होता, पण पहाटेचा. बाहेर गाडा घासत होता. मी पडून राहिले. मोठमोठी कामं मी केली आहेत, दोन बाळंतपणं, नवऱ्याचं आजारपण, एकदा आग लागलेल्या बाजारातून मासळीच्या पेट्या ओढून काढल्या आहेत, पण दारात गाडा वाजत असताना पडून राहणं मला कधी जमवावं लागलं नव्हतं. तिचा हात मला ऐकू येत होता. ढेकूळ फोडताना ती फावड्याची पाठ वापरते, मी धार वापरते. भरल्यावर ती एक क्षण थांबते, मी थांबत नाही. नालीकडे न जाता ती बर्फ घराच्या कुशीला रचत होती, संध्याकाळच्या पाण्यापर्यंत; तिथे मी कधी रचू दिला नसता, भिंत ओलावते. दोनदा मी कोपरावर उठले, खिडकी उघडून सांगायला. हे ऐकू येतंय ते तरी बाहेर आहे ना, असंही एकदा मनात आलं, आणि मग त्या गाड्याच्या आवाजात मध्येच तिला खोकला आला, तेव्हा ते बाहेर आहे याची खात्री झाली.

उठले, कपडे केले, गॅसपाशी गेले. खिडकीत ती दिसत होती, पाठमोरी, डोक्याला माझाच जुना रुमाल. तिने मागे पाहिलं असतं तर मी दिसले असते, पण तिला वेळ नव्हता. मग कोणीतरी करायला हवं म्हणून मी पाणी ठेवलं, सुके मासे टाकले, टोफू कापला, सोयाबीनचा मिसो कालवला. ते सार मी शेवटचं कधी केलं ते आठवत नाही; डबे कुठे आहेत तेच आधी शोधावं लागलं, तिने सगळे आपल्या हाताला येतील असे लावलेत, माझ्या नाही. ती आत आली तेव्हा गाल लाल, भुवयांवर बर्फ. मी वाटी पुढे ठेवली. तिने वाटीकडे पाहिलं, बसली, दोन्ही हातांनी धरून एक घोट घेतला.

“खारट झालंय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, बर्फात काम करणाऱ्याला खारटच लागतं. मला नाही लागत, ती म्हणाली, आणि किटलीतलं गरम पाणी तिने आपल्या वाटीत ओतलं. मग न विचारता माझ्या वाटीत. मी पाहत होते. पाणी घातल्यावर ते सार कशासारखंच लागेनासं झालं, पण मी ते प्यायले, टोफूसकट, तळापर्यंत.

ती कामावर गेली. दुकान उघडायच्या वेळेला मी फोन लावला. तोच माणूस होता, माझं नाव त्याच्या लक्षात होतं. म्हणाला, पाठवू का आजी, गाडी दुपारी तिकडेच येतेय. मी म्हटलं, नको, दुसऱ्या कोणाला द्या. त्याला वाटलं किंमत जास्त झाली. थोडं कमी करता येईल, म्हणाला. मला नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं. गाळ्यावर, गल्लीत, सगळ्या जन्मात मी हेच म्हणत आले आहे, मला हवं, मला नको.

“घरात नको म्हणतात,” मी म्हटलं.